सोलापूर : स्थलनामाची व्युत्पत्ती

सोलापूर हे महाराष्ट्राच्या आग्नेय भागातील, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. त्याच्या नावाचा माग बाराव्या शतकापर्यंत लागतो. शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या, म्हणजे कल्याणीच्या कलचुरींच्या काळातील शिलालेखांत गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते. कन्नड कवी राघवांक याच्या सिद्धरामाविषयीच्या चरित्रकाव्यातही ते ‘सोन्नलिगे’ आहे. यादवांच्या काळापर्यंत हेच नाव चालू होते. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ (इ. स. १३१६) च्या संस्कृत लेखात मात्र ‘सोनलीपूर’ दिसते, कन्नड शेवट जाऊन तेथे ‘पूर’ आले. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर तेथील विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’ असे रूप आहे. ‘सोनलपूर’मधला ‘न’ गळून ‘सोलापूर’ झाले, हे मत सर्वाधिक ग्राह्य आहे.

लोकांत अधिक रुजलेली व्युत्पत्ती वेगळी आहे : सोळा गावांचे मिळून सोलापूर. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, काळजापूर, खादरपूर, राणापूर अशी ही यादी सांगितली जाते. ती नीट वाचली तर तीच या व्युत्पत्तीविरुद्ध साक्ष देते. सोळांमध्ये ‘सोलापूर’ स्वतःच एक गाव आहे. शिवाय ‘सोनलगी’, ‘सोनापूर’ आणि ‘संदलपूर’ हीही आहेत. एकाच नावाची जुनी-नवी रूपे वेगवेगळी गावे म्हणून मोजली गेली असावीत. आदिलपूर, फत्तेपूर यांसारखी नावे तर उघडच मुसलमानी अमलातील, म्हणजे सोन्नलगेनंतरची. ‘सोळा’मधील ‘ळ’चा ‘ल’ का व्हावा, याचेही उत्तर ही व्युत्पत्ती देत नाही.

मूळ अर्थ विसरला की नावातून ऐकू येणाऱ्या शब्दाभोवती कथा रचली जाते. बायबलमध्ये याची ठळक उदाहरणे आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात ‘बाबेल’चा संबंध ‘घोटाळा करणे’ या अर्थाच्या हिब्रू क्रियापदाशी जोडला आहे. प्रत्यक्षात बाबिलोनचे लोक आपल्या नगराच्या नावाचा अर्थ ‘देवाचे द्वार’ असा लावीत. सोलापूरला सर्वांत जवळचे उदाहरण बैर-शेबाचे. ‘बैर’ म्हणजे विहीर. ‘शेबा’त हिब्रूतील ‘सात’ आणि ‘शपथ’ हे दोन्ही शब्द ऐकू येतात. त्यामुळे अब्राहामाने अबीमलेखाला दिलेल्या सात मेंढ्या आणि त्या दोघांची शपथ एकाच प्रसंगात येतात, आणि पुढे इसहाकाच्या विहिरीच्या निमित्ताने नावाचा उगम पुन्हा एकदा सांगितला जातो.

बेथेलशी तुलना केली तर फरक दिसतो. याकोबाने दृष्टान्तानंतर लूज या नगराला बेथेल, म्हणजे ‘देवाचे घर’, म्हटले आणि पवित्र नावाने जुने नाव मागे पडले. सोलापुरात उलटे झाले. श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचे भक्त असलेल्या सिद्धरामांनी येथे तळे खोदविले, अडुसष्ट लिंगे स्थापिली, आणि हे स्थान ‘अभिनव श्रीशैल’ म्हणून गौरविले गेले. तरी ते बिरुद भक्तिपरंपरेतच राहिले. व्यवहारात सोन्नलगेच टिकले आणि बदलत गेले. सोळाच्या आकड्यापेक्षा अडुसष्टचा आकडा या शहराच्या रचनेत अधिक खरा आहे : मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलस्नानाच्या, दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक याच लिंगांची प्रदक्षिणा करते.

इंग्रजी अमलात सरकारी कागदपत्रांत नाव ‘शोलापूर’ असे लिहिले जाई. येथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या इंग्रजी लेखनात आणि १९३० च्या मार्शल लॉच्या बातम्यांतही तेच रूप आढळते. मराठीत मात्र ‘सोलापूर’ हेच नाव रूढ राहिले.