उसाच्या फडातला वाघ

आश्विन वद्य द्वादशीला महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी वसुबारस असते. अकोले-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातला महादेव कोळी समाज मात्र त्याच दिवशी वाघबारस करतो. शिवेजवळ वाघोबाचा दगड असतो. त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य आणि अंगभर शेंदूर. गुराखी तिथं जमतात, नैवेद्य दाखवतात आणि गुरावासरांना सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतात. पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांवरही हाच देव आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत मिळून अभ्यासकांनी वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी नोंदवली आहेत.

ज्याची भीती, त्यालाच राखणदार नेमणारा हा देवधर्म भाबडा नव्हता. वाघ अधूनमधून शेळी नेणार, हे गुराख्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिन्हीसांजेच्या आत गुरं घरी यायची, लहान पोरं एकटी रानात जायची नाहीत. नवस आणि खबरदारी बरोबरीनं चालत. या भागात ‘वाघ’ म्हटलं की पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोन्ही आले. पट्टेरी वाघ इथून नाहीसा झाला, बिबट्या मात्र राहिला.

पुढं डोंगराखालचं खोरंच पालटलं. १९७०च्या दशकापासून कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं एकामागून एक उभी राहिली. कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून साखर कारखाने. आडसाली ऊस रानात सोळा-अठरा महिने उभा असतो. पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या त्या गर्द पिकात सावली आहे, पाणी आहे आणि माणसाची वर्दळ नाही. शेजारच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या आहेत. बिबट्याला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. कित्येक माद्या उसातच व्याल्या. त्यांच्या पिल्लांनी जंगल कधी पाहिलंच नाही.

वस्त्यांवर हल्ले होऊ लागले, माणसं दगावली, तसा पिंजऱ्यांचा आग्रह वाढला. २००१ पासून जुन्नर परिसरात बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम सुरू झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं तिचा हिशेब मांडला. सरासरी चाळीस किलोमीटरवर नेऊन सोडलेल्या २९ बिबट्यांचा तो अभ्यास होता. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते सतरावर गेले. शिवाय पूर्वीपेक्षा जास्त हल्ले जिवावर बेतू लागले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात माणसांनी घेरलेला बिबट्या जास्त धोकादायक ठरला होता.

२००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क नर बिबट्याची गोष्ट यातलं दुसरं सत्य दाखवते: सोडल्या जागी बिबट्या राहीलच असं नाही. त्याचं नाव आजोबा ठेवलं गेलं. गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, तर शंभरहून अधिक किलोमीटर चालत तो थेट मुंबईच्या उंबरठ्यावरच्या रानात पोहोचला. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो मेला. २०१४ मध्ये त्याच्यावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट आला.

अकोले तालुक्याच्या खोऱ्यात एका अभ्यासासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे टिपले. माणसांची वस्ती दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत शेळ्यांपेक्षा कुत्र्यांचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. अभ्यासाच्या काळात तिथं बिबट्यानं एकही माणूस मारला नव्हता.

जुन्नर परिसरात ऊसतोडीच्या हंगामात एक काम ठरल्यासारखं येतं. फडाच्या कडेला पाचटात डोळेही न उघडलेली पिल्लं दिसतात, कोयते थांबतात आणि वन विभागाला फोन जातो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्लं तपासतात. अंधार पडता पडता ती खोक्यात घालून सापडल्या जागीच ठेवली जातात. माणसं दूर हटतात, कॅमेरा चालू राहतो. पुष्कळदा त्याच रात्री मादी येते, खोकं हुंगते आणि एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. पिल्लं न मिळालेली मादी वस्तीभोवती चवताळून फिरते, हे ऊसतोड मजूर आणि शेतकरी दोघंही जाणतात. म्हणून तेही या कामात साथ देतात.

तरीही जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत आजही माणसं बळी पडतात, आणि त्यांत लहान मुलं असतात. अशा घरापुढं सहजीवनाची भाषा तोकडी पडते. माणसावर हल्ला करणारा बिबट्या धरलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण धरून दुसऱ्याच्या दारात सोडणं हा उपाय नव्हे, हे या भागानं माणसांचे जीव देऊन शिकलं आहे. शेतीला पुष्कळदा रात्रीची वीज मिळते, म्हणून शेतकरी अंधारात बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जातो. त्याला दिवसा वीज हवी. वस्तीवर बंदिस्त गोठा हवा, दारात दिवा हवा, घरात संडास हवा आणि मेलेल्या शेळीची भरपाई वेळेवर हवी. सरकारनं आधी हे द्यावं.