फुलाला रंग कशासाठी?

२८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, तो १९२८ सालच्या रामन परिणामाच्या शोधानिमित्त. मात्र त्याच चंद्रशेखर वेंकट रामन यांनी उतारवयात, बंगळूरच्या आपल्या संस्थेत, एका साध्याच प्रश्नाचा ध्यास घेतला होता, याची आठवण क्वचितच निघते. वर्णपटदर्शकातून फुले न्याहाळीत ते विचारीत होते : हा रंग नेमका कसला?

या प्रश्नाची रासायनिक बाजू टी. आर. शेषाद्री त्याआधीपासूनच उलगडत होते. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन करून ते परतले आणि वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात त्यांनी कपाशीच्या फुलांतील पिवळ्या रंगद्रव्यांचा अभ्यास केला. ही द्रव्ये फ्लॅव्होनॉइड कुळातली. फुलांना तांबडा, जांभळा, निळा रंग देणारी अँथोसायनिनेही त्याच कुळातली.

रेणूतील किंचित फरकाने रंग किती पालटतो, हे कार्नेशनवरून कळते. रेणूच्या एका विशिष्ट कड्यावर हायड्रॉक्सिलचा एक गट असला तर केशरी-लाल छटा येते, दोन असले तर किरमिजी, आणि तीन असले तर निळसर जांभळी. तिसरा गट जोडणारे विकर कार्नेशनपाशी नाही. म्हणून शतकानुशतके संकर करूनही निळे कार्नेशन निपजले नाही. १९९६ साली बाजारात आलेल्या जांभळट कार्नेशनला पेट्यूनियाचे जनुक उसने घ्यावे लागले.

रामन यांचा रोख मात्र पाहणाऱ्या डोळ्याकडे होता. तीन प्रकारच्या संवेदी पेशींमुळे रंग कळतो, हा प्रस्थापित सिद्धांत त्यांनी धुडकावला आणि १९६८ साली दृष्टीविषयीचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. शास्त्रजगताने त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही, आणि ते योग्यच झाले. तरी रंगाचा विचार डोळ्यावाचून अपुरा राहतो, हे खरेच.

फक्त तो डोळा मुळात माणसाचा नव्हे. फुलांचे रंग कीटकांना मधाची वाट दाखवतात, हे जर्मनीत श्प्रेंगेल यांनी १७९३ सालीच मांडले होते. मधमाशीला रंग ओळखता येतात, हे पुढे कार्ल फॉन फ्रिश यांनी प्रयोगाने दाखवले. तिला आपला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. आपल्याला न दिसणारा अतिनील मात्र दिसतो.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. येत्या विज्ञान दिनी मुलांना रामन परिणाम अवश्य सांगावा. त्याबरोबर त्यांच्या हाती एखादे फूलही द्यावे आणि रामन यांचाच प्रश्न विचारावा.