बोगद्यातला धूर

आमच्या आजीच्या लेखी मुंबई म्हणजे बोट लागणे. लग्नानंतर ती एकदाच पडावातून बोटीवर चढली आणि परतली ती ‘पुन्हा म्हणून नाव काढणार नाही’ असे म्हणतच. पावसाळ्यात तर तीही वाट बंद. पुढे एस.टी. आली, पण घाटातली वळणे तिला समुद्राहून वाईट वाटत. लेक गिरगावात आणि आई रत्नागिरीत, असा तिचा संसार चालला होता.

कोकणात आगगाडी यावी हे स्वप्न जुने. अ. ब. वालावलकरांनी त्याचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ते लोकसभेत लावून धरले. १९९० साली, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली, तरी २६ जानेवारी १९९८ रोजी तो सबंध खुला झाला.

त्याच वर्षी मी मॅट्रिक झालो आणि आजीला घेऊन मुंबईस निघालो. फलाटावर इंजिन धडधडत उभे होते. आजीने बोटीवरचा कोळसा पाहिलेला. तिने विचारले, “अरे, ह्याचा कोळसा कुठे रे ठेवतात?”

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आता वर्गात मुलांना सांगतो, की डिझेलचे हे इंजिन स्वतः चाके फिरवीत नाही. ते जनित्र फिरवते आणि त्या विजेवर चाकांच्या आसांना जोडलेल्या मोटारी चालतात. म्हणजे गाडी आपले वीजघर बरोबर घेऊनच हिंडते. डोंगरात तारा न ओढता कोकणात गाडी धावली ती यामुळेच. वेगासाठी रुळांची वळणे ऐसपैस ठेवली. चढही असा सौम्य, की दीडशे मीटर जावे तेव्हा एक मीटर चढावे. मग डोंगर पोखरणे आणि दऱ्या ओलांडणे आले. नव्वदांवर बोगदे झाले, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल झाले. रत्नागिरीच्या दक्षिणेचा पानवलचा पूल तर ६४ मीटर उंच!

या सुखाची किंमत होती धूर. भोके स्टेशन मागे पडले आणि गाडी करबुडे बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर अंधार! धूर काढण्यासाठी तिथे मोठाले पंखे आहेत, तरी डब्यात वास भरलाच. आजीने पदर नाकाला लावला आणि माझे मनगट घट्ट धरले. उक्षीच्या बाजूला उजेड दिसला तेव्हा ती म्हणाली, “संपला का रे समुद्र?”

त्या दिवशी तिला काही लागले नाही. काकाच्या बिऱ्हाडी पोचल्यावर तिने आधी त्याची चूल पाहिली आणि मग पाणी घेतले. दर दिवाळीला ती जाऊ लागली.

२०२२ साली सबंध मार्गावर विजेच्या तारा आल्या. धूर गेला, याचे मला दुःख नाही. माझे विद्यार्थी मात्र याच गाडीने मुंबईस जातात आणि बरेचसे गणपतीपुरतेच परततात. त्यांना निरोप देताना मी आजीची गोष्ट सांगतो. जी गाडी लेकाला आईपासून नेते, तीच आईला लेकाच्या घरी पोचवू शकते; फक्त तिकीट कुणीतरी काढावे लागते.