नेटिकची परीक्षा

१६५३ साली लंडनमध्ये एक पुस्तिका छापून निघाली. ‘टिअर्स ऑफ रिपेंटन्स’, म्हणजे पश्चात्तापाचे अश्रू, हे तिचे नाव. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरीचा पाळक जॉन एलियट आणि मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचा थॉमस मेह्यू या दोघांनी पाठवलेला मजकूर तीत आहे. एलियटच्या भागात नेटिक गावच्या मूलनिवासी माणसांच्या कबुल्या आहेत. आपण कसे जगत होतो, देवाकडे कसे वळलो आणि आज मनाची स्थिती काय आहे, हे त्यांनी इंग्रज वडिलांसमोर, म्हणजे मंडळ्यांच्या धर्मपुढाऱ्यांसमोर, उभे राहून सांगितले. या माणसांचे तारण खरोखर झाले आहे का, हे ऐकणाऱ्यांना ठरवायचे होते.

हा प्रश्न तिथे रोजच्या व्यवहारातला होता. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन मंडळ्यांमध्ये १६३०च्या दशकाच्या मध्यापासून एक प्रथा रुजली. मंडळीत यायचे तर बाप्तिस्मा, चांगली वागणूक आणि धर्मज्ञान एवढे पुरेसे नव्हते. देवाच्या कृपेने आपल्या अंतःकरणात नेमके काय केले, हे उमेदवाराने सर्वांसमोर सांगायचे आणि मंडळीने ऐकून निर्णय द्यायचा. निर्णय अनुकूल झाला तरच प्रभुभोजनात वाटा मिळे. शिवाय १६३१ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये मतदानाचा हक्क मंडळीच्या सभासद पुरुषांनाच होता. आत्म्याच्या परीक्षेवर असे नागरिकत्वही टांगलेले होते. पुढे १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि नंतर अहमदनगरला रुजलेले अमेरिकन मराठी मिशन याच काँग्रिगेशनल परंपरेतून आले. त्यामुळे हा इतिहास मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्याही पूर्वपीठिकेत मोडतो.

इंग्रज उमेदवार काय सांगत, हे आपल्याला थॉमस शेपर्डच्या वहीमुळे कळते. हा केंब्रिज गावच्या मंडळीचा पाळक. १६३०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत आपल्यासमोर झालेल्या सुमारे ५० साक्षी त्याने टिपून ठेवल्या. त्यांत घरमालक आहेत, गृहिणी आहेत, मोलकरणीही आहेत. वही वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती त्यांतल्या संशयाची. माणसे भीती सांगतात, मन दगड झाल्याचे सांगतात, समुद्र ओलांडून आलो तरी शांती मिळाली नाही असे सांगतात. कित्येक साक्षी खात्रीच्या शब्दावर संपतच नाहीत. तरीही ही माणसे मंडळीत घेतली गेली. आपल्या तारणाविषयी धास्तावलेले मन हेच कृपेचे चिन्ह असू शकते, असे प्युरिटन धर्मशास्त्र मानत होते.

ही समजूत नियमातही उतरली. १६४८ मध्ये न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी ‘केंब्रिज प्लॅटफॉर्म’ नावाची घटना तयार केली. तिचा मुख्य मसुदाकार डॉर्चेस्टरचा पाळक रिचर्ड मॅथर. सभासद घेण्याविषयीच्या प्रकरणात दोन टोके सांभाळलेली दिसतात. मंडळीचे दार कोणीही आत शिरावे इतके सताड उघडे नसावे, उमेदवाराची परीक्षा व्हावी, हे एक. परीक्षा कठोर नसावी, विश्वास अगदी दुबळा असला तरी तो खरा असेल तर स्वीकारावा, भीतीमुळे चारचौघांत बोलता येत नसेल तर वडिलांनी खासगीत ऐकून घ्यावे, हे दुसरे. माणसाचे अंतःकरण पाहण्याचा अधिकार देवाचा. मंडळीने समंजस प्रेमाने निवाडा करावा, असा या नियमाचा रोख होता.

नेटिकची माणसे या नियमापुढे चार वर्षांनी उभी राहिली. एलियटने १६४६ च्या ऑक्टोबरमध्ये वाबन नावाच्या पुढाऱ्याच्या झोपडीत मॅसॅच्युसेट भाषेत पहिले यशस्वी प्रवचन दिले होते. पुढे १६५१ मध्ये चार्ल्स नदीकाठी नेटिक वसले. आधी घरे, कुंपणे, शाळा, गावाचा कारभार, मग मंडळी, असा एलियटचाच आग्रह होता. त्यासाठी माणसांनी हिंडते जीवन सोडले, वैदू-मांत्रिकांशी नाते तोडले, केस कापले. १३ ऑक्टोबर १६५२ रोजी आसपासच्या मंडळ्यांचे वडील नेटिकला जमले. त्यांत नियमाचा मसुदा लिहिणारा रिचर्ड मॅथरही होता.

त्या दिवशी काय घडले, ते एलियटच्या वृत्तांतातून कळते. उपास, प्रार्थना आणि प्रवचन झाल्यावर एकेक जण उभा राहून बोलू लागला. एलियट ऐकायचा, लिहून घ्यायचा आणि इंग्रजीत सांगायचा. यात वेळ गेला. शाळामास्तर मोनेक्वासनची कबुली लांबली. गाव रानात, रात्र थंड, पाहुण्यांना मुक्कामाची सोय नाही. मुख्य अडचण दुभाष्यांची होती. मेह्यू पोचला नव्हता आणि एलियटचे भाषांतर पडताळून पाहील असा दुसरा माणूस तिथे नव्हता. मोजक्याच कबुल्या ऐकून सभा उठली. मंडळी स्थापन झाली नाही.

या कबुल्या आज आपल्यापर्यंत फक्त एलियटच्या इंग्रजीतून पोचतात. छपाईचा हेतूही विसरता येत नाही. इंग्लंडमधून मिशनसाठी पैसा यावा म्हणून १६४९ मध्ये संसदेच्या कायद्याने एक संस्था स्थापन झाली होती आणि अशा पुस्तिका देणगीदारांसमोर ठेवल्या जात. पण एक गोष्ट या साधनाच्या बाजूने आहे. मोठ्या सभेआधी एलियटने याच माणसांच्या कबुल्या घेतल्या होत्या आणि पुस्तिकेत त्याही छापल्या. एकाच माणसाची दोन निवेदने शेजारी ठेवून वाचता येतात. शिवाय देणगीदाराला खूश करण्यासाठी रचलेल्या मजकुरात जे येणार नाही, ते यांत पानोपानी येते.

वाबन सांगतो की, पूर्वी आपल्याला श्रीमंती हवी होती, मांत्रिक व्हायचे होते, सरदार व्हायचे होते. आपल्या मनात कृपा आहे का, हे आपल्याला ठाऊक नाही, असेही तो म्हणतो. मोनेक्वासन कबूल करतो की, आपण प्रार्थना करू लागलो ते आधी एका जागेच्या ओढीने, तिथे राहायला मिळावे म्हणून. लांब केस त्याला प्रिय होते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला केसांविषयीचा अध्याय वाचल्यावरही ते कापणे त्याला फार जड गेले. कोणी साथीत मेलेल्या आप्तांविषयी बोलतो. कोणी सांगतो की, मित्र प्रार्थना करत म्हणून आपणही केली. नंतरच्या एका कबुलीत तर सरळ येते की, इंग्रज खूप जमीन घेत होते आणि प्रार्थना केली तर आपली जमीन जाणार नाही, असे वाटले होते. परीक्षकांना आवडेल ते बोलून सुटणे सोपे होते. या माणसांनी आपले मिश्र हेतू त्यांच्याच पुढे उघडे केले.

वाबनच्या कबुलीने वडिलांचे फारसे समाधान झाले नाही, असे एलियटच्या नोंदीवरून दिसते. त्याचे बळ बोलण्यात नसून न्यायनिवाड्यात आणि कारभारात आहे, असे एलियटला त्याच्या बाजूने लिहावे लागले. शेपर्डच्या वहीतली माणसेही अशीच चाचपडत बोलली होती. तिथे चाचपडणे विश्वासाचे लक्षण ठरले, इथे तीच उणीव ठरली. भाषेची अडचण खरी होती, हे मान्य करूनही हा फरक उरतोच.

जून १६५४ मध्ये रॉक्सबरीला पुन्हा सभा बोलावली गेली. या खेपेला धर्मज्ञानाची प्रश्नोत्तरे होती. सभेला थोडे दिवस उरले असताना नेटिकच्या काही जणांनी दारू पिऊन टोथर्सवॅम्प या कारभाऱ्याच्या अकरा वर्षांच्या मुलालाही पाजली. पिणाऱ्यांत एलियटला भाषांतरात मदत करणारा एक जण होता. टोथर्सवॅम्पने न्यायासनावर बसून प्रौढांना खोडा आणि फटके सुनावले, मुलालाही खोड्यात बसवले आणि शाळेत शिक्षा केली. या प्रकाराने सारे काम बदनाम होईल, या धास्तीने एलियट खचला होता. एखाद्या इंग्रज गावात कोणी झिंगला तर त्या गावाच्या तारणावर प्रश्नचिन्ह लागत नसे. सभा झाली, उत्तरे चांगली आली, तरी मंडळी पुढे ढकलली गेली. १६५९ मध्ये पुन्हा कबुल्या झाल्या. नेटिकची मंडळी उभी राहिली ती १६६० मध्ये, पहिल्या परीक्षेनंतर आठ वर्षांनी.

दोनच वर्षांनी, १६६२ च्या धर्मसभेत इंग्रज मंडळ्यांनी स्वतःच्या घरातल्या अडचणीवर तोड काढली. लहानपणी बाप्तिस्मा झालेले, पण कृपेच्या अनुभवाची साक्ष देऊ न शकलेले त्यांचे मुलगे-मुली आता आईबाप झाले होते. त्यांच्या बाळांना बाप्तिस्मा देण्याची मुभा मिळाली. प्रभुभोजन आणि मताधिकार यांसाठी साक्षीची अट राहिली, पण नातवंडांसाठी दार किलकिले झाले.

नेटिकच्या माणसांनी मोठ्या कष्टाने मिळवलेला निवाडा मात्र १५ वर्षांत कवडीमोल ठरला. १६७५ मध्ये मेटाकोम, म्हणजे ‘किंग फिलिप’, आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. एप्रिलमध्येच वाबनने वसाहतीचा अधिकारी डॅनिएल गुकिन याला धोक्याची सूचना दिली होती. तरी ऑक्टोबरच्या अखेरीस नेटिकच्या सुमारे २०० जणांना होड्यांत घालून बॉस्टन बंदरातल्या डियर आयलंडवर नेऊन ठेवले गेले. त्यांत वाबनही होता. हिवाळाभर अन्न आणि लाकूडफाटा तुटपुंजा पडला, कित्येक जण दगावले. ‘प्रार्थना करणारे इंडियन’, म्हणजे ख्रिस्ती झालेले मूलनिवासी, ढोंगी आहेत, असे उघड म्हटले जात होते. या छळाची हकिगत गुकिनने १६७७ मध्ये लिहून पूर्ण केली. ती छापली गेली १८३६ मध्ये.

१६५२ च्या सभेविषयी मॅथरने पुस्तिकेत साक्ष दिली आहे. शब्द कळत नसले तरी बोलणाऱ्यांचे गांभीर्य आणि डोळ्यांतले पाणी आपल्याला दिसत होते, असे तो नमूद करतो. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते, कारण त्याच्याच नियमाप्रमाणे त्या दिवशी एवढे पुरेसे होते. दुबळा विश्वास स्वीकारा, कठोर होऊ नका, बोलता येत नसेल तर सांभाळून घ्या, हे त्याने चार वर्षांपूर्वी लिहिले होते. नियम नवा करायची गरज नव्हती, तो समोर बसलेल्यांना लागू करायचा होता.

वाबन आणि मोनेक्वासन यांचे तारण झाले का, हे कागदांवरून ठरवता येत नाही. इतिहासकाराने ते ठरवूही नये. परीक्षकांनी आपल्या माणसांसाठी कोणते माप वापरले आणि परक्यांसाठी कोणते, हे मात्र शेपर्डची वही, मॅथरचा मसुदा, एलियटच्या पुस्तिका आणि गुकिनचे हस्तलिखित एकत्र वाचले की पुराव्यानिशी सांगता येते. दुसऱ्याच्या तारणाचा निवाडा करायला बसलेल्या कोणत्याही मंडळीने, ती कुठल्याही देशातली असो, आधी हे माप तपासून घ्यावे. नेटिकच्या माणसांनी आपले हेतू जितक्या प्रामाणिकपणे परीक्षकांसमोर मांडले, तितक्याच प्रामाणिकपणे परीक्षकांनी आपले हेतू मांडल्याची नोंद या कागदांत सापडत नाही.