अल्पकर्बोदक आहार आणि भूक
अल्पकर्बोदक आहार म्हणजे भात, पोळी, साखर असे पदार्थ कमी करून प्रथिने व स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार होय. वजन घटल्यावर जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते व भूक बळावते. तो मनोनिग्रहाचा अभाव नव्हे. कर्बोदके अत्यल्प ठेवल्यास यकृत चरबीपासून कीटोन बनवते. या अवस्थेत (कीटोसिस) ही वाढ बरीच रोखली जाते. अंडी, मासे, पनीर यांतील प्रथिनांनीही पोट अधिक काळ भरलेले वाटते. तथापि, केव्हिन हॉल यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात २० व्यक्तींनी अल्पस्निग्ध आहारावर कीटो आहारापेक्षा दररोज सुमारे ६९० कॅलरी कमी घेतल्या. भुकेची जाणीव मात्र दोन्हींत सारखीच होती. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये घाम व थरथरीसह लागलेली भूक रक्तशर्करा घसरल्याचे लक्षण असू शकते. अशी भूक न दाबता तत्काळ साखर घ्यावी लागते.