बहिःशाल

डिसेंबर-जानेवारीत सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकासमोर उभं राहा. परीक्षेचे अर्ज, एनएसएसचं शिबिर, हरवलेलं ओळखपत्र, आणि त्यांच्यात एक कागद: 'बहि:शाल व्याख्यानमाला'. विसर्गाच्या जागी टायपिंग करणाऱ्यानं कोलन मारलेला असतो, त्यामुळे शब्द मधोमध मोडल्यासारखा दिसतो. शिपाईमामा त्याला 'बहिशाल' म्हणतात. मुलं 'ते लेक्चर' म्हणतात. व्याख्यात्याला शाल-श्रीफळ देतात म्हणून 'शाल', असंही एका विद्यार्थ्यानं मला फार गंभीरपणे सांगितलं होतं. चुकलं त्याचं, पण त्याला हसण्यात अर्थ नाही. कारण हा शब्द कुठून आला, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

'शाल' म्हणजे शाला, आणि 'बहिः' म्हणजे बाहेर. शाळेच्या भिंतीबाहेर दिलेलं शिक्षण. इंग्रजीतल्या 'एक्स्ट्रा-म्युरल'चा हा संस्कृत पेहराव. त्या इंग्रजी शब्दाच्या पोटातही लॅटिन भिंतच आहे. म्हणजे आपण नुसतं भाषांतर केलं नाही, भिंतसुद्धा उचलून आणली. पण सातारा-सांगलीत ही भिंत नेमकी कुठे होती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी विलायतेतली गोष्ट, कारण तिच्यात एक गंमत आहे. 1867 साली जेम्स स्टुअर्ट नावाचा केंब्रिजचा तरुण फेलो उत्तर इंग्लंडमधल्या बायकांना व्याख्यानं द्यायला निघाला. बायकांना विद्यापीठाची दारं बंद होती. लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर आणि लिव्हरपूल अशी चार गावं तो रेल्वेनं दर आठवड्याला फिरायचा. विषय खगोलशास्त्राचा. व्याख्यानानंतर प्रश्न विचारावेत असं त्याला वाटत होतं. पण एका पुरुषानं भरसभेत तरुण मुलींना प्रश्न विचारावेत आणि त्यांनी तोंडी उत्तरं द्यावीत, हे त्या काळच्या सभ्यतेत बसेना. मग त्यानं प्रश्न छापून वाटले आणि उत्तरं लिहून मागवली. लाजेपोटी काढलेली ही पळवाट पुढे पद्धतच होऊन बसली: व्याख्यानाची छापील टिपणं आणि लेखी प्रश्न.

दुसरा प्रसंग रॉचडेलचा. 1844 साली विणकरांनी किराणा दुकान काढून आधुनिक सहकाराला जिथे सुरुवात केली, तेच हे गाव. आपल्या सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभांत ज्याचं नाव अजून अधूनमधून निघतं, ते. स्टुअर्टनं तिथल्या सभागृहात व्याख्यान दिलं आणि पुढच्या आठवड्यात लागतील म्हणून आकृत्या भिंतीवर तशाच टांगून ठेवल्या. पुढच्या खेपेला कळलं की मधल्या दिवसांत कामगार मंडळी त्या आकृत्यांभोवती जमून वाद घालत होती. तेव्हापासून त्यानं व्याख्यानाला जोडून चर्चेचा वर्ग ठेवला. 1873 मध्ये केंब्रिजनं हे काम अधिकृतपणे अंगावर घेतलं. विद्यापीठानं भिंतीबाहेर जायचं ही कल्पना अशी रुजली: बायकांच्या प्रश्नपत्रिकेतून आणि विणकरांच्या वादातून.

आपल्याकडे तोवर विद्यापीठ बाहेर न पडताच व्याख्यान पोचलं होतं. 1848 साली मुंबईत विद्यार्थ्यांनी सभा काढली. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, आणि दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. तिथे व्याख्यान देत नसत, निबंध वाचत. मुंबई विद्यापीठ निघालं 1857 मध्ये, म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांनी. 'व्याख्यान' हा शब्द तेव्हा अजून शास्त्र्यांच्या ताब्यात होता: ग्रंथ पुढे ठेवून त्याचा अर्थ उलगडायचा, ते व्याख्यान. ग्रंथ बाजूला सारून थेट दुष्काळावर, शेतसाऱ्यावर, विधवाविवाहावर बोलायचं, हा नवा अर्थ पुढच्या पिढीनं त्याला दिला. 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. कोर्टाला आणि शाळांना सुट्ट्या, आणि संध्याकाळी हवा जरा निवलेली. हा सोयीचा हिशेब इतका पक्का बसला की मराठी मुलखात गावोगाव 'वसंत व्याख्यानमाला' हेच नाव झालं. वाईची वसंत व्याख्यानमाला शंभरी ओलांडून गेली आहे. कृष्णेकाठच्या त्या गावात मे महिन्याची संध्याकाळ म्हणजे व्याख्यान, असं समीकरणच आहे.

या भागाला ऐकायची सवय त्याआधीचीच. कीर्तन होतंच. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून रात्र रात्र बसून ऐकणारं गाव अशी तिची ख्याती. मग सत्यशोधकांचे जलसे आले. ढोलकी तमाशाची, आणि आशय भटशाही आणि सावकारीविरुद्धचा. सातारा जिल्हा या जलशांचं माहेर. समाजशास्त्राचं पहिलं जाहीर व्याख्यान इथल्या शेतकऱ्यानं ऐकलं ते ढोलकीच्या तालावर, हे माझं मत कुणी खोडून काढेपर्यंत मी सोडणार नाही. 1919 साली या मुलखात दोन दारं उघडली. जूनमध्ये सांगली-मिरजेच्या मधोमध, विश्रामबागेत, डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं गव्हर्नरच्या नावानं विलिंग्डन कॉलेज काढलं. ऑक्टोबरात कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एकाच वर्षी, एकाच कृष्णेच्या खोऱ्यात. एक भिंत बांधत होतं, तर दुसरं भिंतीबाहेरची पोरं गोळा करत होतं. असं लिहिलं की चटपटीत दिसतं, पण अन्यायही होतो. विलिंग्डनमधून शिकलेल्यांनीच पुढे खेड्यापाड्यांतली व्यासपीठं गाजवली.

आता या कुळकथेतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग. साताऱ्यात रावबहादूर रा. रा. काळे नावाचे वकील होते. कायदेमंडळात बसलेले, पैसा राखून असलेले आणि अर्थशास्त्राची आवड असलेले. त्यांच्या देणगीतून 1930 साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. त्यांच्या स्मृतीसाठी संस्थेनं दरवर्षी एक व्याख्यान ठेवलं: काळे स्मृती व्याख्यान. 29 जानेवारी 1939 रोजी ते द्यायला पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. सातारच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या भिवाचं नाव घातलं गेलं होतं, तोच मुलगा सातारच्या वकिलाच्या नावानं बोलत होता. विषय संघराज्य की स्वातंत्र्य. 1935 च्या भारत सरकार कायद्यातली संघराज्याची योजना त्यांनी मुळापासून तपासली.

विषय रूक्ष वाटेल, पण सांगलीच्या माणसाला विचारा. त्या योजनेत संघीय विधानसभेच्या 375 जागांपैकी 125 संस्थानांना होत्या, आणि त्यांवर माणसं निवडून यायची नव्हती, राजानं नेमायची होती. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. म्हणजे कृष्णेच्या एका काठावर मतदार आणि दुसऱ्या काठावर प्रजा, अशी ती व्यवस्था. आंबेडकरांनी नेमकं इथे बोट ठेवलं होतं. आणि त्याच जानेवारीत शेजारच्या औंधच्या राजानं आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना मंजूर केली होती. जाहीर व्याख्यान आणि जमिनीवरचा प्रश्न इतक्या जवळ येणं क्वचित घडतं. ते संघराज्य पुढे कधी प्रत्यक्षात आलंच नाही. व्याख्यान मात्र पुस्तक होऊन राहिलं.

काळे व्याख्यान विद्यापीठाचं नव्हतं. विद्यापीठ या भागाच्या जवळ आलं 1949 मध्ये. पुणे विद्यापीठ त्या वर्षी 10 फेब्रुवारीला स्थापन झालं, आणि पश्चिम महाराष्ट्राचे बारा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. संस्थानं विलीन झाल्यावर त्याच वर्षी 'दक्षिण सातारा' जिल्हा तयार झाला, त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. त्यांनाही लोक 'बाबासाहेब'च म्हणत, त्यामुळे 'डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला' असा फलक पाहून आजही कुणीतरी 'आडनाव चुकलंय' म्हणून सांगायला येतं. बहिःशाल शिक्षण मंडळ ही पुणे विद्यापीठाची त्या कामासाठीची शाखा. गावातल्या महाविद्यालयाला 'केंद्र' म्हणायचं आणि ज्या प्राध्यापकाच्या गळ्यात हे काम पडतं त्याला 'केंद्रकार्यवाह'. पाहुण्यांच्या जेवणापासून प्रवासखर्चाच्या पावतीपर्यंत सगळं त्याच्याकडे. महाराष्ट्रात समाजशास्त्र कुणी खेड्यात नेलं असं विचारलं तर मी आधी या केंद्रकार्यवाहांची नावं घेईन, आणि ती कुठल्याच ग्रंथात सापडणार नाहीत.

पण भिंतीबाहेर जाण्याची ही वाट एकाच दिशेची नव्हती. वाईला प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी होते. 'तर्कतीर्थ' ही कलकत्त्याची संस्कृतची पदवी. विद्यापीठातली बी.ए., एम.ए. अशी कुठलीही अक्षरं त्यांच्या नावापुढे नव्हती. आणि विद्यापीठांनी त्यांना बोलावलं. नागपूर विद्यापीठातल्या व्याख्यानांतून 'हिंदुधर्माची समीक्षा' झालं. पुणे विद्यापीठाच्या विद्यमाने दिलेल्या सहा व्याख्यानांतून 'वैदिक संस्कृतीचा विकास' झालं. ते 1951 मध्ये वाईतूनच निघालं आणि 1955 मध्ये मराठीला मिळालेला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. शाळेबाहेरच्या माणसानं शाळेला शिकवलं. 'बहिःशाल'चा हा अर्थ कुठल्याच परिपत्रकात बसत नाही.

18 नोव्हेंबर 1962 रोजी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं आणि सातारा-सांगली त्याच्याकडे गेले. 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीनं 'विस्तार' हेही विद्यापीठाचं काम म्हणून मान्य केलं. मग प्रौढ शिक्षण, निरंतर शिक्षण, आजीवन अध्ययन अशी नावं बदलत गेली. पाट्या बदलल्या, पण बोलण्यात 'बहिशाल' टिकला. सरकारी नावांपेक्षा चुकीचा उच्चार जास्त चिवट असतो.

एक गोष्ट मात्र वाटेत सांडली. स्टुअर्टची छापील टिपणं आपल्याकडे आलीच नाहीत. व्याख्यानानंतरचा चर्चेचा वर्गही नाही. त्याऐवजी दीपप्रज्वलन आलं, प्रास्ताविक आलं, पाहुण्यांचा परिचय आला (तो कधीकधी व्याख्यानाहून लांब), अध्यक्षीय समारोप आला आणि आभार आले. आम्ही कीर्तनाच्या चौकटीत व्याख्यान बसवलं. कीर्तनात बुवांना कुणी प्रश्न विचारत नाही, तसं वक्त्यालाही नाही. उशीर झाला की पहिली कात्री लागते ती प्रश्नोत्तरांना. 'वेळेअभावी' हा शब्द सूत्रसंचालकांनी बहुधा त्याचसाठी राखून ठेवलेला आहे.

तरी एक जुनी युक्ती जिवंत आहे: चिठ्ठी. एखादी मुलगी वहीच्या शेवटच्या पानाचा कोपरा फाडते, काहीतरी लिहिते, घडी घालते आणि पुढच्या रांगेत देते. ती घडी खांद्यांवरून सरकत सरकत व्यासपीठाच्या टेबलापर्यंत जाते. सूत्रसंचालक ती उघडतो, वाचतो आणि ठरवतो: अध्यक्षांकडे द्यायची की खिशात घालायची. इंग्लंडात मुलींना तोंडी विचारायचं नाही म्हणून प्रश्न वक्त्याकडून कागदावर गेले. आपल्याकडे मुली उभं राहून विचारायला संकोचतात म्हणून प्रश्न कागदावरून वक्त्याकडे जातात. कागद तोच, दिशा उलटी. जातीवरची, जमिनीच्या वाटणीवरची, लग्नाच्या वयावरची टोकदार विचारणा मी या चिठ्ठ्यांतच पाहिली आहे, तोंडी फार क्वचित.

बहुतेक चिठ्ठ्या निनावी असतात, आणि निनावी चिठ्ठी खिशात घालणं सोपं असतं. पुढच्या वेळी बहिःशालला गेलात तर तेवढं करा. कागदाचा कोपरा फाडून घ्या, एकच प्रश्न लिहा आणि खाली नाव-गाव घाला.