कोरडेपणाची मोजदाद : प्रोस्टेट शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक झाकलेले पान

भारतीय बनावटीच्या शस्त्रक्रिया-रोबोटच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार वाचायला मिळतात. गुरुग्राममध्ये विकसित झालेल्या ‘एसएसआय मंत्र’ या यंत्राच्या साहाय्याने दूरच्या शहरातील रुग्णावर शस्त्रक्रिया झाल्याचे वृत्त तर देशभर गाजले. अशा बातम्यांत यंत्राच्या हातांची संख्या असते, अंतराचे किलोमीटर असतात, किंमतही असते. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेला माणूस घरी आल्यावर ज्या आकड्याची वाट पाहत असतो, तो मात्र त्यांत क्वचितच सापडतो. कॅथेटर काढल्यानंतर लघवीवरचा ताबा परत यायला किती आठवडे लागतात? हा प्रश्न रुग्णालाच नीट विचारायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ एक शतक लागले.

प्रथम रचना पाहू. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो. लघवी रोखून धरणारी यंत्रणा दुहेरी असते : एक मूत्राशयाच्या मुखाशी, आपोआप चालणारी, दुसरी प्रोस्टेटच्या खाली, काही अंशी आपल्या इच्छेने आवळता येणारी. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढली की पहिल्या यंत्रणेला मोठा धक्का बसतो. मूत्राशयाचे मुख मूत्रमार्गाच्या उरलेल्या टोकाला शिवले जाते आणि सारा भार खालच्या स्नायूवर येतो. मूत्राशयातील दाब हा मूत्रमार्ग मिटवून धरणाऱ्या दाबापेक्षा वाढला, की गळती होते. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणे, पाण्याची बादली उचलणे अशा क्षणी पोटातील दाब एकदम वाढतो. म्हणून रात्री कोरडा राहणारा माणूस दुपारी चालताना भिजतो. यात वार्धक्याचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. दोन दाबांतील हा साधा हिशेब आहे.

कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी ७ एप्रिल १९०४ रोजी प्रथम अमलात आणली. मार्ग गुदद्वार आणि अंडकोश यांच्यामधल्या भागातून होता. पुढे १९४५ मध्ये लंडनमध्ये काम करणारे आयरिश शल्यविशारद टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटाकडून, जघनास्थीच्या मागून ग्रंथीपर्यंत पोहोचण्याची वाट दाखवली. ओटीपोटाकडच्या या वाटेवर एक अडचण कायम होती. ग्रंथीच्या टोकाशी शिरांचे दाट जाळे असते. ते कापले गेले की रक्ताने सारा भाग भरून जाई आणि शल्यविशारदाला पुष्कळसे काम केवळ स्पर्शाने करावे लागे. जे दिसत नाही ते वाचवणार कसे? रुग्ण जगला म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे मानले जाई. गळती ही जगण्याची किंमत समजली जाई.

हे चित्र बदलले ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. १९८० मध्ये अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ टी. एम. ओल्रिच यांनी दाखवले, की लघवी रोखणारा बाह्य स्नायू पाठ्यपुस्तकांतील चित्रांप्रमाणे आडव्या पडद्यासारखा नसून मूत्रमार्गाभोवती उभ्या नळीसारखा असतो. पडदा समजून जिथे निर्धास्तपणे कापले जात होते, तिथेच हा स्नायू होता. त्याच सुमारास जॉन्स हॉपकिन्समधील पॅट्रिक वॉल्श यांनी शिरांच्या जाळ्यातील रक्तस्राव आटोक्यात आणण्याची पद्धत बसवली. १९८१ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे त्यांची गाठ निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांच्याशी पडली. डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकांच्या शरीरात मज्जातंतूंचा माग काढत होते, कारण प्रौढांच्या शरीरात हे तंतू चरबी आणि जोडऊतींमध्ये हरवून जातात. दोघांनी पाहिले, की लैंगिक कार्याचे मज्जातंतू ग्रंथीच्या आत नसून तिच्या बाहेरून जातात. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी हे तंतू हेतुपुरस्सर राखून पहिली शस्त्रक्रिया केली. मुख्य हेतू लैंगिक क्षमता जपण्याचा होता. पण रक्तविरहित, स्वच्छ दिसणाऱ्या जागेत काम करता येऊ लागल्यामुळे लघवी रोखणारा स्नायूही अधिक काळजीने राखता येऊ लागला.

उपचाराची दुसरी वाट प्रसूतिशास्त्रातून आली. लॉस एंजेलिसमधील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर सैल झालेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी व्यायाम मांडला. त्यांच्या कामातील लक्षणीय गोष्ट व्यायामाइतकीच मोजमापाची होती. ‘पेरिनिओमीटर’ नावाच्या साध्या दाबमापकावर स्त्रीला आपल्या आकुंचनाचे बळ काट्याच्या रूपात दिसे. न दिसणाऱ्या स्नायूला दिसणारा आकडा मिळाला. हा व्यायाम पुढे प्रोस्टेट काढलेल्या पुरुषांनाही शिकवला जाऊ लागला. हठयोगातील मूलबंधात याच भागाचे आकुंचन सांगितले आहे, हे भारतीय वाचकाला आठवेल. परंतु मूलबंधाचा हेतू वेगळा होता. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या स्नायूवर किती परिणाम होतो, हे त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी चाचण्याच हव्यात.

ज्यांची गळती व्यायामाने थांबली नाही, त्यांच्यासाठी अभियंते पुढे आले. १९७०च्या दशकाच्या आरंभी ह्यूस्टन येथील ब्रँटली स्कॉट यांनी विल्यम ब्रॅडली आणि जेराल्ड टिम यांच्यासह कृत्रिम झडप तयार केली. तिच्या नंतरच्या, आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या रूपात तीन भाग असतात : मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेला पट्टा, पोटात दाब राखणारा फुगा आणि अंडकोशात बसवलेला छोटा पंप. पंप दाबला की पट्ट्यातील द्रव फुग्यात जातो, मार्ग मोकळा होतो, आणि काही मिनिटांत द्रव आपोआप परत येऊन मार्ग मिटतो. फुग्याचा दाब बहुधा ६१ ते ७० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका निवडतात. तो कमी असला तर गळती; फार जास्त असला तर मूत्रमार्गाचा रक्तपुरवठा अडून ऊती झिजतात. एवढ्याशा फटीत हे यंत्र काम करते.

तरीही किती जणांना याची गरज पडते, हे नेमके ठाऊक नव्हते. शल्यविशारद आपल्या रुग्णांविषयी आश्वासक आकडे देत होते. १९९३ मध्ये फ्लॉइड फाउलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत शस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध रुग्णांनाच थेट प्रश्न विचारले, तेव्हा ३० टक्क्यांहून अधिक जण गळतीसाठी पॅड किंवा चिमटा वापरत असल्याचे दिसले. दवाखान्यात डॉक्टरांसमोर ‘ठीक आहे’ म्हणणारा माणूस कागदावर खरे लिहीत होता.

व्याख्याही बदलली. लघवीच्या अनियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जुन्या व्याख्येनुसार गळती वस्तुनिष्ठपणे दाखवता येणे आणि ती सामाजिक किंवा स्वच्छतेची अडचण ठरणे आवश्यक होते. २००२च्या व्याख्येत अनैच्छिक गळतीची कोणतीही तक्रार पुरेशी मानली गेली. बदल शब्दांचा दिसतो, पण त्याने रुग्णाचे म्हणणे हेच निरीक्षण म्हणून मान्य झाले.

मोजणी बदलली की निष्कर्षही बदलतात. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील २०००च्या चाचणीत पॅडचे वजन करून गळती मोजली गेली. तीन महिन्यांनंतर व्यायाम शिकवलेल्या गटातील ८८ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५६ टक्के रुग्ण कोरडे होते. वर्षअखेरीस ही तफावत बरीच घटली. २०११च्या ब्रिटिश चाचणीत मात्र वर्षानंतर गळती सांगणाऱ्यांचे प्रमाण प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळालेल्या गटात ७६ आणि नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या गटात ७७ टक्के भरले. व्यायामाने सुधारणा लवकर होऊ शकते, पण हमी मिळत नाही, एवढाच प्रामाणिक अर्थ यातून निघतो. ब्रिटनच्याच ‘प्रोटेक्ट’ चाचणीत शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. बहुतेकांचा ताबा परत येतो, पण त्याला वेळ लागतो. आणि काहींचा पूर्ण येत नाही. दोन्ही गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वी सांगायला हव्यात.

रोबोटने हे गणित बदलले का? पुदुच्चेरीच्या ‘जिपमर’मध्ये शिकलेले आणि पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रशिक्षण घेतलेले मणी मेनन यांनी डेट्रॉइट येथे या शतकाच्या आरंभी रोबोटच्या साहाय्याने प्रोस्टेट काढण्याची पद्धत रुळवली. तिने रक्तस्राव कमी झाला, रुग्णालयातील मुक्काम घटला. परंतु ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे खुल्या आणि रोबोटिक शस्त्रक्रियेची थेट तुलना झाली, तेव्हा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या आणि २०१८ मधील २४ महिन्यांच्या निष्कर्षांत लघवीवरच्या ताब्याबाबत लक्षणीय फरक आढळला नाही.

‘लॅन्सेट’च्या २०२४च्या आयोगानुसार जगातील प्रोस्टेट कर्करोगाचे वार्षिक नवे रुग्ण २०२०च्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील. वाढत्या आयुर्मानाचा भारत यातून सुटणार नाही. म्हणजे आपल्या घरांतले कितीतरी वडील, काका, आजोबा काही महिने पॅड बांधून वावरतील. लग्नाला जायचे टाळतील, पाणी कमी पितील, प्रवास रद्द करतील आणि कारण कुणाला सांगणार नाहीत. पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चिडतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. पुरुषांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात वापरलेले पॅड टाकायला झाकणाची कचरापेटी हवी. त्यासाठी कोणताही रोबोट लागत नाही.

नव्या यंत्राची पुढची बातमी आली, की विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा : या यंत्राने शस्त्रक्रिया झालेले किती रुग्ण सहा महिन्यांनी कोरडे होते, ते कोणत्या व्याख्येने, आणि ते कुणी मोजले?